यशोदाबाईची अनसूबाई

गोरेगावात यशोदाबाईला कामात मागं टाकणाऱ्या बायका होत्या, बोलण्यात मात्र एकही नव्हती. अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताची, शाळा तिसरीपर्यंत. पण आवाज असा, की निंदणीच्या रांगेत ती या टोकाला असली तरी त्या टोकाच्या बाईला कान टवकारावे लागत नसत. हा आवाज तिनं मेंढरांमागं कमावला होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती नवऱ्याबरोबर, नामाजीबरोबर, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायची आणि पेरणीच्या तोंडावर परतायची. नामाजी स्वभावानं अबोल. दिवसाकाठी तो जे काही बोलायचा, त्यातलं निम्मं मेंढरांशी असायचं. मग यशोदाबाई दोघांच्याही वाटणीचं बोलायची.

त्यांची एकुलती एक मुलगी सुकन्या गोरेगावात आजीजवळ राहून शाळा शिकत होती. हिंगोली जिल्हा झाला त्या साली आजी गेली. तेव्हा यशोदाबाईनं मेंढरांमागं जाणं सोडलं आणि ती गावात राहून लोकांच्या वावरात निंदणी-खुरपणीला जाऊ लागली. नामाजी एकटाच मेंढरं घेऊन जाई, मधूनअधून घरी येई, दोन दिवस गप्प बसे आणि परत जाई.

दोन हजार पाच साली नामाजीनं टीव्ही आणला. करमणुकीसाठी नव्हे. आदल्या वर्षी गारपिटीत त्याची चांगली चार मेंढरं गेली होती, आणि टीव्हीवर हवामानाचं आधी सांगतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. टीव्ही घरी आला आणि नामाजी दुसऱ्याच दिवशी मेंढरांकडे निघून गेला. जाताना रिमोट खांद्यावरच्या झोळीत टाकून घेऊन गेला.

"आवो, त्यो कशाला नेता?" यशोदाबाईनं विचारलं.

"हरवंल," नामाजी म्हणाला.

राहिली टीव्हीची पुढची बटणं. तर एका दुपारी घरचा बोकड आत शिरला. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत त्याला आपल्यासारखाच एक बोकड उभा दिसला, आणि त्यानं मागं सरून टक्कर दिली. काच वाचली, पण खालची बटणं जी आत गेली ती कायमची. त्यानंतर टीव्ही भिंतीवरच्या खटक्यानं चालू व्हायचा, बंद व्हायचा आणि त्यावर जे लागलेलं असेल तेच दिसायचं. लागलेलं होतं दूरदर्शन. अशा रीतीनं कोरिया देशाची एक मुलगी यशोदाबाईच्या घरी आली.

ती मालिका शनिवारी आणि रविवारी सकाळी अकराला लागायची. बोलणं हिंदीत होतं, पण माणसं बारीक डोळ्यांची, गोरी, आणि ओठ हलून थांबल्यावर आवाज यायचा. तिच्यातली मुलगी एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होती. नाव उन-सू. यशोदाबाईनं पहिल्याच दिवशी ते ऐकून "अनसू" केलं आणि दुसऱ्या दिवशी "अनसूबाई". हॉटेलच्या मालकाचा मुलगा मिन-जे. तो झाला "मंज्या". मंज्या देखणा, पैसेवाला आणि आईच्या मुठीतला. अनसूबाई गरीब, पोरकी आणि कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी. चूक नसेल तर मान खाली घालायची नाही आणि चूक असेल तर दुसऱ्यावर ढकलायची नाही, असा तिचा खाक्या.

यशोदाबाईला ती पहिल्या दिवसापासून आवडली. त्याची कारणं तिनं सोमवारी सोयाबीनच्या निंदणीत बायकांना सांगितली.

"आपल्यासारकंच हाय समदं. माळवदावर लाल मिरच्या वाळू घालतात. लसूण तं इतका, की इचारू नका. कोबीचं लोणचं घालतात आन बरण्या पुरून ठिवतात. जेवायला खाली बसतात. फकस्त हातानं खात न्हाईत, दोन काड्या घेतात."

"काड्यानं भाकर कशी मोडतात?" तांड्यावरच्या रूपाबाईनं विचारलं. रूपाबाई यशोदाबाईच्याच वयाची, निंदणीत कायम तिच्या शेजारची पात धरणारी, आणि प्रत्येक गोष्टीला एक शंका काढणारी.

"भाकर न्हाई खात ते. भात खातात."

"मंग गरीब कशी? रोज भात खाऊन राहिली तं!"

यशोदाबाईनं लगेच मंज्याची गोष्ट सुरू केली. मंज्यानं रस्त्यात खाली बसून अनसूबाईच्या बुटाची नाडी बांधली, हे सांगितलं तेव्हा सगळी रांग थांबली.

"गड्यानं? बाईच्या पायाला हात लावला?"

"लावला. भर रस्त्यात. लोकं बगून राहिले व्हते."

"आन ती काय म्हणली?"

"ती म्हणली, मला बांदता येती. आन त्यानं बांदलेली सोडून परत आपल्या हातानं बांदली."

त्या दिवशी रांग वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचायला रोजच्यापेक्षा बराच उशीर झाला.

इथवर सगळं खरं होतं. भानगड लाइटनं केली. तेव्हा भारनियमन असं होतं, की गोरेगावची लाइट कधी येईल यापेक्षा कधी जाईल हे लोकांना तोंडपाठ असायचं. शनिवारी ती बरोबर अकरा वाजून वीस मिनिटांनी जायची. एका शनिवारी मंज्याच्या आईनं अनसूबाईला एका चकाचक हॉटेलात बोलावलं. टेबलावर एका घराची किल्ली ठेवली आणि म्हणाली, माझ्या मुलाचा नाद सोड, या शहरातून जा, तिकडं तुला घर देते. अनसूबाईनं किल्ली बोटानं सरकवून परत तिच्यापुढं केली. मंज्याच्या आईचा चेहरा लाल झाला. तिनं पाण्याचा ग्लास उचलला. हात मागं नेला. आणि लाइट गेली.

यशोदाबाई काळ्या काचेपुढं बराच वेळ बसून राहिली. रविवारी मालिका लागली तोवर गोष्ट भलतीकडंच गेली होती. सोमवारी वावरात रूपाबाईनं विचारलं, "मंग? फेकलं का पाणी?"

"मला माहीत नाही" हे तीन शब्द यशोदाबाईच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. तिनं खुरपं मातीत रोवलं आणि ती म्हणाली, "फेकंल कशी? अनसूबाईनं वरच्या वर मनगट धरलं तिचं. म्हणली, मामी, ग्लास खाली ठिवा. मला तहान लागली न्हाई."

रांगेतल्या एका बाईनं टाळी वाजवली. रूपाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा शंका काढली नाही.

तिथून यशोदाबाईला चटक लागली. अर्धी गोष्ट दूरदर्शन सांगायचं, लाइट गेल्यावरची अर्धी यशोदाबाई. तिच्या अर्ध्यातली अनसूबाई दर आठवड्याला जास्तच कडक होत गेली. तिनं हॉटेलच्या मुकादमाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मंज्या दारात फुलं घेऊन उभा राहिला, तर तिनं त्याला आधी आत येऊन भांडी घासायला लावली. एकदा तर तिनं मंज्याच्या बापाला स्वयंपाक शिकवला. पुढच्या भागात कधीतरी मागची झलक दाखवायचे आणि त्यात अनसूबाईच्या केसांतून पाणी निथळताना दिसायचं. तेव्हा यशोदाबाई स्वतःलाच सांगायची, की ते दुसऱ्या कुठल्यातरी बारीचं असेल.

सुकन्या तेव्हा बारावी होऊन डी.एड. करत होती. रोज सकाळी जीपनं हिंगोलीला जायची. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वावरात यायची आणि आईनं रचलेला भाग ऐकून गालातल्या गालात हसायची. यशोदाबाई अनसूबाईला नेपाळची समजत होती, म्हणून घरी सुकन्यानं एकदा सांगितलं, "माय, ते नेपाळ न्हाई. ते कोरिया हाय."

"कोरिया म्हंजी कोरडवाहू मुलूख का?"

"देशाचं नाव हाय ते."

"मला वाटलंच. पाणी तं बक्कळ दिसतंय. दर चार दिवसाला ती छत्री घेऊन उबीच."

दोन हजार सात साली सुकन्याला डोंगरकड्याहून स्थळ आलं. मुलाचं नाव दत्तप्रसाद. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान होतं. वडील अमृतराव गावात वजन असलेले, आवाजही वजनदार. एका रविवारी दोघं बापलेक आणि आणखी तिघं अशी मंडळी गोरेगावात उतरली. पावसाळ्यात मेंढरं जवळच्या माळावर असत, तिथून नामाजी आदल्या दिवशीच आला होता, नवा पटका बांधून बाजेवर बसला होता. यशोदाबाई चुलीपाशी, पडद्याआड.

पोहे झाले, चहा झाला. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. मग अमृतराव म्हणाले, "पोरी, जरा चालून दाव."

सुकन्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

"अजून एकदा. जरा हळू."

सुकन्या पुन्हा गेली. परत येताना अंगणाच्या मध्यावर थांबली.

"मामा, एक इचारू?"

"इचार की."

"म्या दोनदा चालले. आता पाव्हण्यास्नीबी एकदा चालायला सांगा."

 अमृतरावांच्या बरोबरच्या माणसाच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. दत्तप्रसाद इतका वेळ पोह्याच्या ताटलीकडे बघत बसला होता. त्यानं वर पाहिलं. ताटली खाली ठेवली, उठला, आणि बापाला न विचारता चालू लागला. बाजेपासून रांजणापर्यंत ठीक गेला. परतताना बोकडाच्या दाव्यात त्याचा पाय अडकला, दोन लांब ढांगा टाकत त्यानं स्वतःला सावरलं आणि जागेवर येऊन बसला.

"जमलं का?" त्यानं विचारलं.

"बराबर हाय," सुकन्या म्हणाली.

आणि नामाजी हसला. मोठ्यानं, पोट धरून. गोरेगावात कुणी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर पुढचं सगळं त्या हसण्यानंच बिघडवलं. अमृतराव उठले.

"आमी इथं तमाशा बगायला न्हाई आलो."

आता कुणालाही वाटेल, की अनसूबाईची एवढी गोष्ट रचणारी यशोदाबाई पडद्याआडून बाहेर येऊन चार खडे बोल सुनावेल. ती बाहेर आली खरी, पण डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून, हात जोडत.

"लहान हाय पोरगी. चुकलं तिचं. राग मानू नका."

अमृतरावांनी राग मानला आणि जीप निघून गेली. सुकन्या आईकडे बघत उभी होती.

"माय, अनसूबाईला तू असंच बोलायला लावलं असतं का?"

"तिला मायबाप न्हाईत," यशोदाबाई चिडून म्हणाली. "तिचं काय जातंय?"

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगा म्हणतो मुलगी पसंत आहे, म्हणून विचार करता येईल. पण मुलीच्या आईबापांनी डोंगरकड्याला येऊन चार माणसांसमोर चूक कबूल करावी आणि मुलीनं शिक्षण इथंच थांबवावं. निरोप ऐकून नामाजीनं बराच वेळ तंबाखू मळली.

"तुमी काय म्हणता?" यशोदाबाईनं विचारलं.

"जाऊ."

"आन बोलंल कोण?"

"तू. बोलायचं काम तुजं हाय."

त्या आठवड्यात यशोदाबाईनं वावरात गोष्ट सांगितली नाही. बायका वाट बघून कंटाळल्या. शेवटी रूपाबाईनं विषय काढला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाय. पाय धर त्याचे. पर मंग आमाला अनसूबाईचं काही सांगू नको."

"काहून?"

"तू हिकडं तिला वाघीण करून राहिली आन तिकडं सोता मेंढरू व्हशील, तं आमी कोणाचं खरं मानावं?"

 त्या दिवशी यशोदाबाईच्या पातीत खुरप्यानं सोयाबीनची तीन-चार चांगली रोपं गेली, आणि असं तिच्याकडून कधी होत नसे.

डोंगरकड्याला पोचेपर्यंत दुपार झाली. आधी जीप, मग हिंगोलीहून गर्दीची एसटी, मग उन्हातून चालणं. अमृतरावांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. चार वडीलधारी माणसं भिंतीला टेकून बसली होती, अमृतराव खुर्चीत. त्यांच्या बायकोनं, मिराबाईनं, पाण्याचा तांब्या आणि ग्लास आणून ठेवला आणि त्या दाराच्या चौकटीआड उभ्या राहिल्या. यशोदाबाईनं एक ग्लास पाणी एका दमात संपवलं. मग दुसरा भरून घेतला.

"बोला बाई," अमृतराव म्हणाले.

यशोदाबाईनं ग्लास हातात तसाच धरला. तिला सगळं पाठ होतं. एसटीत तिनं मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिलं होतं. पोरगी नादान आहे, आम्ही अडाणी माणसं, पदरात घ्या.

"त्या दिवशी म्या म्हणले, पोरीचं चुकलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, इतका बारीक. "तर ते..."

ओसरीवरची माणसं पुढं झुकली.

"ते माजं चुकलं. पोरीचं न्हाई."

नामाजीनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. एकदा आवाज बाहेर पडला म्हटल्यावर यशोदाबाईचा नेहमीचा आवाज आपोआप त्याच्यामागं आला, आणि शेजारच्या घरातली माणसंही दारात आली.

"आमी मेंढरं पाळणारी माणसं. बाजारात मेंढरू घेतो तवा आमीबी चालवून बगतो. लंगडतंय का, पाय सरळ पडतो का. मेंढरू बिचारं चालतं, कारन त्याला कळत न्हाई. माज्या पोरीला कळतं. तुमी एकदा चालवली, ती चालली. दुसऱ्या बारीला तिनं इचारलं, तं त्यात काय वाईट? तुमचा पोरगा चालला की. त्याला काही झालं का?"

"पाय मुरगळला असता!" भिंतीकडचं एक माणूस म्हणालं.

"तं आमी चोळून दिला असता. आन कॉलेज सोडायचं म्हणता. सोडंल की. पर मंग तुमच्या पोरानंबी दुकान सोडावं. दोगं घरी बसतील. तुमी करून घाला."

अमृतरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. यशोदाबाईच्या हातातला ग्लास आता वर गेला होता आणि बोलण्याच्या झोकात पाणी सतरंजीवर शिंतडत होतं.

"आमच्या अनसूबाईवर ती मंज्याची माय पाणी फेकायला गेली, तवा अनसूबाईनं वरच्या वर मनगट धरलं तिचं!"

"कोण अनसूबाई?" अमृतरावांनी विचारलं.

"तुमच्या नात्यात कुणी?" दुसऱ्यानं विचारलं.

तेवढ्यात चौकटीआडून आवाज आला. "धरलं न्हाई."

सगळे वळले. मिराबाई पदर सावरत एक पाऊल पुढं आल्या.

"मनगट न्हाई धरलं. फेकलं पाणी. समदं तोंड भिजलं तिचं. म्या सोता बगितलं."

"तुमी बगितलं?" यशोदाबाईनं ग्लास खाली ठेवला. "शनवारी? आकरा वीसच्या फुडं?"

"आमच्याकडं शनवारी लाइट असती. आमची बुधवारी जाती."

"तू टीव्ही बगती?" अमृतराव म्हणाले.

"तुमी पारावर गेल्यावर," मिराबाई शांतपणे म्हणाल्या आणि सतरंजीच्या कडेला यशोदाबाईसमोर बसल्या.

यशोदाबाईचा चेहरा उतरला होता. वर्षभर वावरात तिनं ज्या मनगटावर एवढी इमारत उभी केली होती, ते मनगट कुणी धरलंच नव्हतं.

"मंग ती तशीच बसली? वल्लं तोंड घेऊन? गप?"

"गप काहून बसंल? आदी तिनं रुमाल काढून तोंड पुसलं. घाई न्हाई, गडबड न्हाई. रुमालाची नीट घडी घातली. मंग त्याच ग्लासात जगमधलं पाणी वतलं. मला वाटलं, आता ही फेकती. तं न्हाई. तिनं ते पिलं. सावकाश. आन म्हणली, पाणी चांगलं हाय. आदीच प्यायला दिलं असतं तं वाया गेलं न्हवतं."

 यशोदाबाईनं मांडीवर थाप मारली.

"अगं माय! हे तं माज्यापरीस भारी हाय."

"आन चहाचं बिल तिनं सोता दिलं. दोघींचं."

"दोघींचं!"

त्यानंतरचा अर्धा तास माफीचा विषय निघालाच नाही. यशोदाबाई एकेक अर्धवट भाग काढायची आणि मिराबाई तो पुरा करायच्या. मुकादमाचं काय झालं, फुलं कुणी घेतली, मंज्या परदेशी गेला तेव्हा ती त्याला थांबवायला गेली का. ती नव्हती गेली. मंज्याच्या बापाला स्वयंपाक शिकवल्याचं मिराबाईंना काही आठवेना. यशोदाबाईनं तो विषय पटकन बदलला. भिंतीकडची माणसं सुरुवातीला चुळबुळली, पण मग त्यांतलं सगळ्यांत म्हातारं माणूस म्हणालं, "पर त्या पोरीचं लगीन झालं का न्हाई शेवटाला?"

याच वेळी दत्तप्रसाद दुकानातून आला. हात मोटारीच्या तारेला लावायच्या वार्निशानं काळे. ओसरीवर माफी चालू असेल म्हणून तो तोंड पाडून आला होता, आणि इथं त्याची आई परक्या बाईला टाळी देत होती. तो बापाजवळ जाऊन उभा राहिला.

"बा, मला त्या दिवशी राग न्हाई आला. तुमालाच आला. उद्या चाल म्हणली तं म्या परत चालंल."

अमृतरावांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, ओल्या सतरंजीकडे पाहिलं. शेवटी नामाजीकडे पाहिलं, कारण तिथं तेवढाच एक माणूस आपल्यासारखा गप्प होता.

"तुमी काय म्हणता, पाव्हणं?"

नामाजीनं विचार केला. "पोरगी शिकून राहिली," तो म्हणाला. "शिकू द्या."

नामाजीच्या मानानं हे मोठं भाषण होतं. अमृतराव "बगू" म्हणाले आणि चपला घालून पाराकडे गेले. मिराबाईंनी पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

सोमवारी यशोदाबाईनं वावरात सगळं सांगितलं. अगदी सगळं, आपण ते पुढचं पाहिलंच नव्हतं हेसुद्धा. सांगताना तिची मान खाली होती.

"आमाला म्हाईत व्हतं," रूपाबाई म्हणाली.

"काय म्हाईत व्हतं?"

"लाइट काय तुज्या एकटीच्याच घरची जाती? तांड्यावरची न्हाई जात? तू काळ्या काचंत बगून सांगती, हे समद्याइला ठावं."

"मंग ऐकून काहून राहिल्या व्हत्या?"

"निंदन गप बसून उरकतं का?" रूपाबाई म्हणाली आणि पुढच्या गवताला खुरपं घातलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पाणी पिल्यावर ग्लास जोरात ठिवला का हळू?" यशोदाबाईला हे विचारायचं राहून गेलं होतं. हा एक प्रश्न विचारायला तिनं गावातल्या टेलिफोन बूथवरून डोंगरकड्याला फोन लावला. हळू ठेवला होता.

दत्तप्रसाद महिनाभरानं एकटाच गोरेगावला आला. सुकन्यानं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. डी.एड. पुरं होईपर्यंत लग्न नाही, आणि नोकरी जिथं लागेल तिथं ती जाणार. तो म्हणाला, मोटारी सगळीकडंच जळतात. हे बोलणं दिसायला साधं होतं, पण त्यानं ते खरं करून दाखवलं. सुकन्याला कनेरगाव नाक्याजवळच्या एका खासगी शाळेत नोकरी लागली. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि दत्तप्रसादनं डोंगरकड्याचं दुकान उचलून नाक्यावर एका ढाब्याच्या शेजारी मांडलं. बायकोच्या नोकरीमागं नवरा गाव सोडून गेला म्हणून अमृतराव सहा महिने मुलाशी बोलले नाहीत. मग त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली. दुसऱ्या मिस्त्रीनं भरून दिलेली तार पंधरा दिवसांत पुन्हा जळाली, तेव्हा ते मोटार घेऊन स्वतः नाक्यावर आले, सुकन्याच्या हातचं जेवले आणि दोन दिवस राहिले.

पुढच्या हिवाळ्यात नामाजी मेंढरं घेऊन वाशीमच्या रस्त्याला लागला होता. वाटेत लेकीची शाळा बघावी म्हणून तो कुंपणाबाहेर थांबला. मेंढरं मात्र थांबली नाहीत. फाटक उघडं होतं, मैदानात कडेला हिरवं होतं. बघता बघता सगळा कळप आत. पोरं वर्गातून ओरडत बाहेर आली. सुकन्या हातात खडू घेऊन पायरीवर उभी राहिली आणि भर मैदानात बापाला म्हणाली, "बा, मेंढरं बाहेर काढा. शाळा चालू हाय." नामाजीनं मुकाट्यानं मेंढरं बाहेर काढली.

चार दिवसांनी तो घरी आला तेव्हा यशोदाबाई भाकरी थापत होती. नामाजीनं पटका काढला, चुलीसमोर बसला आणि कुणी न विचारता बोलायला लागला.

"काय सांगू तुला! दोनशे पोरं व्हती मैदानात. पन्नास मास्तर. समदे मेंढरं बगून पळून राहिले. आपली सुकन्या एकलीच पुढं आली. काय आवाज तिचा! मेंढरं सोता फिरली मागं, मला हात लावायची गरज पडली न्हाई."

त्या शाळेत मुलं साठ होती आणि शिक्षक तीन. यशोदाबाई तिथं दोनदा जाऊन आली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, नवऱ्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढली आणि त्याला मध्ये कुठंही तोडलं नाही.